बांगडीची जखम

बांगडी फुटून झालेली जखम मी लांबून ओळखते. मनगटावर बारीक, आडव्या, शेजारी शेजारी दोन-तीन रेघा. अमळनेर तालुक्यात बायांच्या समुपदेशनाचं काम करून सोळा वर्षं झाली, अशी मनगटं रोजचीच.

२०२३ चा जून. पेरण्या सुरू, त्यामुळे बैठकीला बाया कमीच. ती दारात येऊन उभी राहिली. उंच, हिरवी साडी, उजवं मनगट पदरात गुंडाळलेलं. तृतीयपंथी. भुसावळ-सुरत गाड्यांमध्ये मंगती करते, म्हणजे पैसे मागते, म्हणाली. तीन वर्षांपासून एका माणसासोबत खोली करून राहते. तोच मारतो, दिवसाची कमाईही काढून घेतो.

आमच्या काकू उठून दाराशी आल्या. दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीसाठी गावोगाव फिरलेल्या, या कामात माझ्यापेक्षा जुन्या. म्हणाल्या, "ही बायांची खोली आहे. आत मार खाल्लेल्या पोरी बसल्यात. त्यांना पुरुषाचा आवाजसुद्धा नको असतो." हे मला उडवून लावता आलं नाही. महिन्यापूर्वीच एक मुलगी चहावाल्या पोराला बघून थरथरायला लागली होती.

मी भादलीचा विषय काढला आणि वाद वाढवून घेतला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर अर्ज भरला होता. तृतीयपंथी म्हणून तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढायची मुभा दिली आणि त्या निवडूनही आल्या. काकू फणकारल्या, "म्हणजे एका बाईची शीट गेलीच ना? आरक्षण काय आम्हाला फुकट मिळालंय?"

"काकू," ती दारातूनच म्हणाली, "तुमच्या सरपंचबाईच्या खुर्चीवर बसतं कोण?"

आत खसखस पिकली. कारण बसतात ते सरपंचबाईंचे मिस्टर, हे सगळ्यांना ठाऊक. काकूंनाही हसू आवरलं नाही, पण दार काही सोडलं नाही.

मग मी ओट्यावरच दोन खुर्च्या टाकल्या आणि फॉर्म घेतला. २०२३ च्याच मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शस्त्रक्रिया करून स्त्री झालेल्या ट्रान्स महिलेला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दाद मागता येते, असा निकाल दिला होता. म्हणून मी विचारलं, "ऑपरेशन झालंय का?" तिने मान खाली घातली.

"हाई काय इचारनं व्हयनं?" काकू कडाडल्या. चिडल्या की त्या अहिराणीवर येतात.

मी निकाल समजावू लागले, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका सरकारी दवाखान्यात, बलात्कार झालेल्या मुलीची दोन बोटांची, म्हणजे शरीरात बोटं घालून करायची तपासणी चालली होती तेव्हा काकू दाराबाहेर बसून होत्या. परतताना एसटीत ती मुलगी एक शब्द बोलली नाही. ही तपासणी करणं म्हणजे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं, ते कात्रण काकूंच्या कपाटाला आतून चिकटवलेलं आहे. मी तर सरळ फॉर्मपुरता प्रश्न विचारला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं असणार.

"आठे बठ," काकूंनी तिला आतल्या चटईवर बसवलं. पदर सोडवून मनगट बघितलं. काचेचा एक तुकडा अजून आत होता. तो काकूंनी चिमट्याने काढला.

संध्याकाळी आम्ही तिघी पोलीस ठाण्यात गेलो. मारहाणीची तक्रार दिली, २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्याचं कलम १८ लावायला सांगितलं. त्यात शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं, लैंगिक अत्याचार झाला तरी तेवढीच. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आम्ही स्वस्तात, सेलमध्ये!" पुढच्या निवेदनात हे घालायचं, असं तिथल्या बाकावर बसून काकूंनीच ठरवलं.

नव्याने मार खाऊन आलेल्या मुलींशी आता आम्ही वेगळ्या खोलीत बोलतो, आणि महिन्याच्या बैठकीला ती येते. शिटेचं मात्र काकूंना अजून पटलेलं नाही. "तुमच्यासाठी वेगळ्या शिटा मागा," असं त्या दर वेळी म्हणतात. ती म्हणते, "मागू की. निवेदनावर पहिली सही तुमची."