प्लॅनेटवर नाव घातलं

शनिवार, रात्री

टाकली एकदाची मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल सामील करून घ्या' अशी विनंती. केडीई हे जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर, आणि प्लॅनेट केडीई हे ते बनवणाऱ्यांचे ब्लॉग एकत्र दाखवणारं पान. त्या पानाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, एक साधी मजकुराची फाइल असते, तिच्यात केडीईसाठी काम करणाऱ्यांच्या ब्लॉगांचे पत्ते एकाखाली एक लिहिलेले. त्यात माझंही नाव आणि माझ्या फीडचा (ब्लॉगवरच्या नव्या पोस्टी प्रोग्रामला वाचता येतील अशा यादीचा) पत्ता घातला. काम पाच मिनिटांचं, पण मनात कधीपासून घोळत होतं.

जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पैसे किती मिळतात?" नाही मिळत म्हटल्यावर दुसरा, "मग तुझं तुझ्या जागी काय वाईट चाललं होतं?"

वाईट काहीच नव्हतं. माझ्या ब्लॉगवर मला ओळखणारे पंधरा-वीस लोक येतात, त्यातले निम्मे नातेवाईक. प्लॅनेटचं तसं नसतं. तिथला प्रोग्राम ठरावीक वेळाने प्रत्येकाच्या फीडमध्ये डोकावतो, नवीन काही दिसलं की उचलतो आणि सगळ्यांचं लिखाण वेळेच्या क्रमाने एका पानावर लावतो. संपादक नाही, कोणाला वर चढवणं-खाली ढकलणं नाही. जेफ वॉ आणि स्कॉट जेम्स रेमनंट यांनी पायथनमध्ये लिहिलेल्या 'प्लॅनेट' नावाच्या छोट्या प्रोग्रामवरून ही पद्धत पडली. डेबियन आणि ग्नोम या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांची प्लॅनेटं त्याच घराण्यातली. २०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर हे फीड वाचायचं साधन बंद झालं तेव्हा आरएसएसचं, म्हणजे फीड लिहायच्या पद्धतीचं, तेरावं घालायला निघालेले बरेच होते. ही पानं मात्र आजही आरएसएस आणि तिच्यासारख्या अॅटमवरच चालतात.

बाबांना हे सगळं न सांगता वसंत व्याख्यानमालेचं उदाहरण दिलं. मे महिन्यात इथे नाशिकला गोदाघाटावर माणूस जातो तो बऱ्याचदा वाऱ्यासाठी. वक्ता कोण, विषय काय, धड माहीत नसतं. बसतो, आणि कधीच निवडला नसता असा विषय तासभर ऐकून उठतो. बाबांनी तिथे आयुष्यभर असंच ऐकलंय, त्यामुळे पटलं असावं. "म्हणजे तू आता वक्ता," एवढंच म्हणाले आणि ताक मागितलं.

रविवार

खरी अडचण प्लॅनेटला फीडमधून द्यायचं काय, ही होती. पुण्याचा एक मित्र या कामात माझ्या आधीपासून आहे. त्याचा सल्ला एकदम व्यवहारी: पोस्टला 'केडीई' असा टॅग लाव आणि त्या टॅगचंच फीड दे. लोक तिथे सॉफ्टवेअरचं वाचायला येतात, तुझ्या मामाच्या द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी कोणाला हवीय?

त्याचं चूक नाही. बरेच जण असंच करतात. पण मी त्या पानाचा जुना वाचक आहे, आणि माझ्या लक्षात काय राहिलं हे आठवून बघितलं. कोणत्या आवृत्तीत कोणतं बटण कुठे सरकलं ते अजिबात नाही. कोणाला मूल झालं, कोण नोकरी सोडून वर्षभर नुसता सायकलवर फिरला, कोणी आजारपणात अंथरुणावरून बग मिटवले, ते राहिलंय. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एका कोडवर काम करतात. त्यांच्यात वाद होतात, आणि ते बहुतेक लेखी होतात. समोरचा माणूस कसा आहे याची थोडी कल्पना असली की त्याचं तुसडं वाक्य तेवढं टोचत नाही. प्लॅनेटचा खरा उपयोग मला हाच वाटतो. बातम्या काय, कुठेही मिळतात.

केडीईवाल्यांचंही साधारण तेच म्हणणं आहे. लिखाण मुख्यतः केडीईच्या कामाबद्दल असावं, पण घरचं-दारचंही चालेल, त्यातून माणूस कळतो. ग्नोमचं प्लॅनेट तर स्वतःची ओळखच तिथे काम करणाऱ्यांच्या जगाची, कामाची आणि आयुष्याची खिडकी अशी करून देतं. मग मी अर्धी खिडकी लावून कशाला बसू?

इंग्रजीत लिहितो ते सगळं दिलं, छाटणीसकट. मराठी लिखाणाचं फीड वेगळं ठेवलं. ते वाचणारे वेगळे, आणि तिथे मी जरा जास्त मोकळा सुटतो.

दुपार फीड नीट करण्यात गेली. माझी साइट ह्युगो या साइट बनवायच्या प्रोग्रामवर आहे, आणि ह्युगो मुळात फीडमध्ये नुसता सारांश टाकतं. दोन ओळी दाखवून 'पुढे वाचा' म्हणणं मला आगाऊपणा वाटतो; दुसऱ्याच्या ओसरीवर बसून लोकांना आपल्या घरी बोलवायचं कशाला? टेम्प्लेट बदलून पूर्ण मजकूर जाईल असं केलं. मग तारखा. वेळेपुढे भारतीय वेळेचा +०५३० नसेल तर आपली वेळ ग्रीनिचची समजली जाते, आणि पोस्ट साडेपाच तास भविष्यात जाऊन सगळ्यांच्या डोक्यावर बसते. असे महाभाग मी पाहिलेत. शेवटी ओळखक्रमांक: प्रत्येक पोस्टला फीडमध्ये एक जीयूआयडी असतो आणि ह्युगो तिथे पोस्टचा पत्ताच घालतं. उद्या डोमेन बदललं की जुन्या सगळ्या पोस्टी नव्या म्हणून धडाधड ओतल्या जाणार. त्यामुळे फीडमध्ये शेवटच्या दहाच ठेवल्या. पूर आला तरी घोट्याएवढाच यावा.

फोटोचा किस्सा वेगळाच. प्लॅनेटवर नावाशेजारी नुसतं मुंडकं लावायची जुनी रीत आहे, मागचं सगळं कापून. त्याला 'हॅकरगोची' म्हणतात. भाचीला दिलं करायला. तिने निवडला रंगपंचमीनंतरचा फोटो, शनी चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारून आल्यावरचा. रहाडीचा रंग काही लगेच जात नाही. "मामा, बाकी सगळ्या फोटोंत तू आधार कार्डावर असल्यासारखा दिसतोस," म्हणाली. तेव्हा जगभरच्या केडीईवाल्यांना आता माझा उजवा कान केशरी दिसेल.

बुधवार

रिक्वेस्ट मंजूर झाली. 'स्वागत' एवढा एकच शब्द आला, तोही मला पुष्कळ झाला.

पहिली गेलेली पोस्ट जीकॉम्प्रीची. केडीईतलंच हे सॉफ्टवेअर, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, शंभराहून जास्त खेळ आणि इंटरनेटशिवाय चालणारं. दिंडोरी तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत कोणीतरी देणगी दिलेल्या जुन्या संगणकांवर ते बसवलं, त्याची हकिगत. दुसरीतली एक मुलगी माउस टेबलावरून उचलून हवेत फिरवत होती आणि बाण हलत नाही म्हणून पडद्यालाच रागवत होती. शेजारच्याने तिच्या मनगटावर हात दाबून माउस खाली टेकवला, पण स्वतःचा खेळ सोडला नाही. हे तसंच लिहिलं होतं.

रात्री एक ईमेल आलं, ब्राझीलमधून. लिहिणारी बाई तिच्याकडच्या शाळेत हेच काम करते, आणि तिच्याकडची पोरंही माउस उचलतात. तिने उपाय सुचवलाय: पहिल्या दिवशी माउसचे खेळ द्यायचेच नाहीत, कीबोर्डवरची अक्षरं पडतात तो खेळ द्यायचा. हात एका जागी राहतात, धीर येतो, माउस दुसऱ्या दिवशी.

टॅगवाल्या मित्राला ते ईमेल पाठवलं. त्याचं उत्तर: "बरं. पण छाटणीवर कोणाचं ईमेल येतं ते बघू."

शुक्रवारी शाळेत जायचंय. तिथल्या खिडकीजवळच्या संगणकाचा आवाज येत नाही. स्पीकरचं दुखणं आहे की ड्रायव्हरचं, ते गेल्यावरच कळेल. कीबोर्डचा खेळ तेव्हाच लावून बघतो.