प्रदर्शनात अंतराळयानाचं हँगर मांडायचं होतं आणि फॉर्म अडकला ‘नावीन्य’च्या रकान्यात : माझा अनुभव

आमची शाळा देवगड तालुक्यात, अगदी किनाऱ्याला. विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीची पोरं म्हणाली सर, रॉकेट सगळेच करतात, आपण फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरचं ते हँगर करूया, दोन उड्डाणांच्या मधे स्पेस शटल, म्हणजे नासाचं पुन्हा पुन्हा वापरायचं यान, ठेवायचे ते. मॉडेल भराभर झालं, आणि काय सुंदर झालं! खरं हँगर साधारण ६० मीटर लांब, ४६ रुंद, २९ उंच, म्हणून एका मीटरला एक सेंटिमीटर धरून सनबोर्डचं केलं आणि आत यानाभोवती बांबूच्या काड्यांचे माळे.

अडलं ते फॉर्मवर. ‘प्रतिकृतीतील नावीन्य’ या रकान्यात पोरांनी लिहिलं, पुन्हा वापरायच्या यानाची देखभाल. फॉर्म परत. शेरा काय, तर देखभालीत नावीन्य नाही, यान उडताना दाखवा. मी स्वतः गेलो तर टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, “सर, शेड बघायला कोण येणार?” अजून आठवलं की डोकं तापतं. अहो, सगळं अवघड काम त्या शेडमधेच तर चालायचं! शटल दर दोन आठवड्यांनी उडेल असा मूळ हिशोब होता आणि सगळ्यात लवकर जमलं ते ५४ दिवसांत, अटलांटिस नावाचं शटल ३ ऑक्टोबर १९८५ ला उडालं ते पुन्हा २६ नोव्हेंबरला. शटलच्या अंगावर उष्णतेपासून वाचवणाऱ्या चोवीस हजारांच्या आसपास टाइल्स, जवळपास प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर नंबर, सगळ्या तपासायच्या. त्यात परत येतानाच्या उष्णतेने त्यांचं वॉटरप्रूफिंग जळून जायचं, मग बारीक भोकातून पुन्हा रसायन भरायचं, नाहीतर पाणी शोषून टाइल जड होणार. आमच्या पोरांना हे चटकन कळलं, कारण १ जूनला मासेमारी बंद झाली की घरच्या होड्या वर ओढून झापांनी शाकारायच्या आणि बुडाची डागडुजी करायची हे ती दरवर्षी बघतात.

हे सगळं लिहून दिलं तरी पुन्हा परत. आणि हो, फॉर्म देताना झेरॉक्सवर पोच घ्याच, आमचा एक अर्ज “आलाच नाही” म्हणाले होते.

शेवटी सुटलं ते इस्रोमुळे. त्यांचं पुष्पक, म्हणजे पुन्हा वापरता येणारं चाचणीचं यान, २२ मार्च २०२४ ला चित्रदुर्गजवळ धावपट्टीवर उतरलं आणि तेच पंखांचं धड, त्याच यंत्रणा, काही बदल न करता २३ जूनच्या चाचणीत पुन्हा वापरल्या. एका मुलीने हे पहिल्याच ओळीत घातलं, खाली हँगर. लगेच सही! तेव्हा आपल्याकडचं उदाहरण सगळ्यात वर लिहा. पोरांचा विषय मात्र बदलू नका, आम्ही नाही बदलला आणि त्याचा मला अभिमान आहे.

प्रदर्शनात शेडभोवतीच गर्दी होती, लोक वाकून टाइल्सचे नंबर वाचत होते. मॉडेल नेताना माळे सुटे ठेवा आणि तिथे गेल्यावर चिकटवा, एसटीत काड्या टिकत नाहीत.