चेतकच्या कार्बोरेटरमधले अडकलेले जेट

वडिलांची बजाज चेतक रत्नागिरीच्या घराच्या पडवीत अकरा पावसाळे उभी होती. या मार्चमध्ये ती टेम्पोत घालून मी पुण्याला आणली आणि इंजिनाला हात लावण्याआधी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, बाहेर काढला. हा डेलोर्टो कंपनीच्या एसआय 20/20 या इटालियन नमुन्यावर बेतलेला, व्हेस्पाच्या घराण्यातून चेतककडे आलेला कार्बोरेटर आहे. यातले पहिले 20 म्हणजे हवा जाण्याच्या वाटेचा मिलिमीटरमधला व्यास. हातात घेतल्यावर दिसले ते असे की थ्रॉटलची स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) जागची हलत नव्हती, मेन जेट आणि पायलट जेट (पेट्रोल मोजून सोडणारे, बारीक भोकाचे पितळी भाग) आपापल्या विहिरींत जाम बसले होते आणि फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पिन तर जणू बॉडीबरोबरच ओतलेली होती.

हे भाग अडकतात त्याची कारणे दोन आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले असते. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे तपकिरी, चिकट, वाळलेल्या डिंकासारखा थर उरतो. हा थर कार्बोरेटर क्लीनरमध्ये विरघळतो. दुसरे कारण पाणी. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची आणि जेट पितळेचे असल्यामुळे ओलावा मिळाला की त्या दोन धातूंच्या जोडीत जस्त झिजते आणि आट्यांमध्ये पांढरी भुकटी घट्ट बसते. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत हे व्हायचेच. ही भुकटी क्लीनरला दाद देत नाही. आताच्या 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे ही काळजी आणखी वाढली आहे, कारण इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्बोरेटरच्या टाकीत पेट्रोल फारसे उरत नाही.

सफाईच्या बाबतीत एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. आपल्याकडे पितळेची भांडी चिंचेने लख्ख निघतात, त्यामुळे जेट दिसले की हात आपसूक चिंचेकडे, लिंबाकडे किंवा व्हिनेगरकडे वळतो. सुटा जेट त्यात थोडा वेळ ठेवला तर बिघडत नाही, पण बॉडी मात्र त्यात कधीही बुडवू नये. आम्ल जस्ताला खाते, आणि आतल्या बारीक वाटा एकदा खाल्ल्या गेल्या की त्या दुरुस्त करण्याचा उपाय नाही.

पहिले दोन दिवस मी एकही पेच फिरवला नाही. रबरी आणि प्लॅस्टिकचे जेवढे भाग निघाले तेवढे काढून बॉडी क्लीनरमध्ये भिजत ठेवली. तिसऱ्या दिवशी जुन्या पातेल्यात पाणी उकळून त्यात बॉडी दहा मिनिटे ठेवली. जस्ताचा मिश्रधातू पितळेपेक्षा जास्त प्रसरण पावतो. 5 मिलिमीटरच्या आट्याला 70 अंशांच्या तापवणीत पडणारा फरक जेमतेम 3 मायक्रॉन भरतो, केसाच्या जाडीपुढे तो काहीच नाही, पण भुकटीची पकड मोडायला आणि आत तेल झिरपायला तेवढा पुरतो. गरम बॉडीवर जेटच्या कडेने भेदक तेलाचे दोन थेंब सोडायचे, ती थंड होऊ द्यायची आणि पुन्हा तापवायची. असे मी सहा वेळा केले. गॅसच्या ज्योतीवर किंवा टॉर्चने बॉडी तापवू नये. हा धातू 390 अंशांच्या आतच वितळतो आणि त्याच्या बराच आधी ओतकामात अडकलेल्या हवेमुळे त्यावर फोड येतात.

त्यानंतर प्रश्न येतो स्क्रूड्रायव्हरचा. बहुतेक जेट गंजामुळे बिघडत नाहीत, चुकीच्या स्क्रूड्रायव्हरमुळे बिघडतात. पितळ मऊ असते आणि बाजारातल्या चपट्या स्क्रूड्रायव्हरचे टोक पाचरीसारखे निमुळते असते, त्यामुळे ते खाचेच्या वरच्या कडेवरच टेकते आणि जोर लावताच खाच फाडून बाहेर येते. मी एक जुना स्क्रूड्रायव्हर सहाणेच्या दगडावर घासला, त्याच्या दोन्ही बाजू समांतर केल्या आणि टोक खाचेत तळापर्यंत अजिबात न डुगडुगता बसेल असे केले. या कामाला पाऊण तास लागला आणि सगळ्या खटाटोपात तोच वेळ सर्वांत सार्थकी लागला. टोक खाचेत बसवून मुठीवर लाकडी हातोडीने पाच-सहा हलके ठोके दिले, मग जेट सोडवण्याच्या आधी तो किंचित आवळला, जेमतेम जाणवेल इतका. कट्ट असा बारीक आवाज आला आणि त्यानंतर पायलट जेट उलट्या दिशेने सहज फिरला.

मेन जेटची गंमत वेगळी आहे. या कार्बोरेटरमध्ये तो एकटा नसतो. वर हवेचा जेट, मध्ये भोके पाडलेली नळी आणि खाली मेन जेट असे तीन भाग एकमेकांत दाबून बसवलेले असतात आणि आटे फक्त वरच्या भागाला असतात. माझ्याकडे वरचा भाग सुटून आला आणि बाकीचे दोन विहिरीतच राहिले. पक्कड तिथे पोहोचत नाही आणि लोखंडी आकड्याने नळीच्या कडा दुमडतात. मी बांबूची काडी चाकूने निमुळती तासली, नळीच्या भोकात हलकेच दाबून बसवली, बॉडी पुन्हा गरम पाण्यात धरली आणि काडी थोडी फिरवत सरळ वर ओढली. दुसऱ्या प्रयत्नात नळी आणि जेट दोन्ही एकत्र वर आले, नळीच्या भोकांत काळा डिंक तसाच भरलेला होता.

खाच पूर्ण फाटलीच असेल तर टोकदार इझी-आउट (अडकलेला पेच आतून पकडून उलटा फिरवायचे हत्यार) ठोकण्याचा मोह आवरावा. तो मऊ पितळेला आतून फुगवतो, जेट आणखी घट्ट बसतो आणि इझी-आउट मोडला तर त्याच्या कडक पोलादात ड्रिल शिरत नाही. त्यापेक्षा आट्याच्या तळाच्या व्यासाहून थोडे लहान ड्रिल नीट मध्यभागी चालवावे आणि उरलेली पातळ साल टोच्याने आत दुमडून काढावी. जेट थोडक्या पैशांत नवा मिळतो, बॉडीचे तसे नाही.

स्लाइड डिंकामुळे अडकली होती आणि भिजवल्यावर सुटली. ती साफ केल्यावरही अडखळली असती तर मी बॉडीचा तळ काचेवर ठेवून तपासला असता, कारण कार्बोरेटर बसवताना त्याचे दोन लांब बोल्ट कुणी वाजवीपेक्षा जास्त आवळले तर बॉडी वाकते आणि स्लाइड धरली जाते.

फ्लोटची पिन मी मुद्दाम शेवटी ठेवली. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या स्कूटरचे काम करताना मी अशीच पिन पकडीने दाबली होती आणि फ्लोटच्या झाकणाचा एक कान (पिन ज्याच्या भोकात बसते तो उंचवटा) तुटून माझ्या हातात आला होता. ते झाकण वाया गेले आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. पिन बहुधा एकाच कानात घट्ट असते, दुसऱ्यात सैल असते, म्हणून ती सैल कानाच्या बाजूने ठोकून घट्ट कानातून बाहेर काढायची असते. या वेळी मी घट्ट कानाच्या खाली बाहेरच्या बाजूने लाकडाचा ठोकळा दिला, त्यात पिनेला बाहेर यायला भोक पाडले आणि पिनेच्याच जाडीच्या ड्रिलची सपाट शेपटी टेकवून तिच्यावर घड्याळजीच्या हातोडीने टिचक्या मारल्यासारखे ठोके दिले. वीस-पंचवीस ठोक्यांपर्यंत काही हलले नाही. मी झाकणावर पुन्हा गरम पाणी ओतले, तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी चौथ्या ठोक्याला पिन तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर आली. तिथून ती मी बोटांनी ओढून काढली आणि दोन्ही कान शाबूत आहेत हे भिंगाखाली पाहून घेतले.