मॅकिंटॉशच्या वहीतला उमाजी

३ फेब्रुवारी, रात्री साडेदहा

आज घरी येताना वाट वाकडी करून पुण्याच्या खडकमाळ आळीतून आले. मामलेदार कचेरीत दाखल्यांसाठी किती हेलपाटे घातलेत, पण तेव्हा लक्ष सगळं रांगेकडे. इथे ३ फेब्रुवारी १८३२ रोजी इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या उमाजी नाईकांना फाशी दिली, हे ठाऊक असूनही कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. इतरांना जरब बसावी म्हणून प्रेत तीन दिवस पिंपळाला लटकत ठेवलं होतं, असं सांगतात. आज हार होते, थोडी माणसं होती. मी दोन मिनिटं चप्पल काढून उभी राहिले नि निघाले.

डोक्यातून मात्र जात नाहीये. जेवताना नवऱ्याला म्हटलं, उमाजींबद्दल आपल्याला एवढं सगळं कळलं कुठून? तो म्हणाला, "असतील ना बखरी." बखरी कुठल्या! लिहून ठेवलं ते कॅप्टन मॅकिंटॉशने. म्हणजे ज्याला त्यांच्या मागावर धाडलं होतं त्याने. उमाजी कैदेत असताना हा त्यांच्याशी बोलला, टिपणं केली आणि १८३३ साली पुस्तक छापलं. त्या पुस्तकाच्या लांबलचक नावात आधी रामोशी जमात येते, तिचं मूळ, तिची सद्यस्थिती, आणि मग शेवटी उमाजी. नमुना आधी, माणूस नंतर. तरी त्या वहीचे उपकार मानावे लागतात, याचीच चीड येते.

भिवडी पुरंदरच्या पायथ्याला. उमाजींचा जन्म तिथला, १७९१ चा. किल्ल्याची राखण हे रामोश्यांचं पिढीजात काम, आणि त्यावरच त्यांची वतनं चालायची. राखण गेली, वतनं गेली, १८१८ नंतर तर दाद मागायला पेशवाईही उरली नाही. मग डोंगर जवळ केला. इंग्रजांनी पकडून पाहिलं, मग माफी देऊन चाकरीतही घेतलं. चोराच्या हाती किल्ल्या देण्याचा हिशेब असावा तो. जमला नाही. उमाजी पुन्हा बाहेर पडले आणि १८३१ मध्ये त्यांनी चक्क जाहीरनामा काढला: गोरा दिसेल तिथे मारा, सरकारात सारा भरू नका. सत्तावन्न यायला अजून सव्वीस वर्षं होती! नुसती लूट करायची असती तर जाहीरनामा कशाला लागतो? साऱ्यावर बोट ठेवणाऱ्याला राज्य कशावर चालतं ते नेमकं कळलेलं असतं. डोक्यावर दहा हजारांचं इनाम लागलं, आपल्यातलेच फुटले, डिसेंबरात पकडले गेले. पुढच्या पन्नासेक दिवसांत खटला, फाशी, सगळं उरकलं.

आजीची आठवण झाली. रात्री पुस्तक घेऊन बसलं की म्हणायची, "रामोशासारखी जागतेस काय, झोप आता." तिच्या लेखी रामोशी म्हणजे गाव झोपल्यावर जागा असणारा. त्याच माणसांवर पुढे सरकारी कागदात गुन्हेगारीचा शिक्का बसला. आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. विमुक्त, म्हणजे कोणीतरी आधी बांधलं होतं.

झोप येईना म्हणून रंगो बापूजींचंही वाचत बसले. अगदी उलट माणूस. हातात लेखणी, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे वकील. १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं, आणि हे त्यांची बाजू मांडायला लंडनला गेले. तेरा-चौदा वर्षं तिथे! अर्ज, पत्रकं, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं. मधे महाराज काशीत वारले. १८४८ मध्ये सातारा खालसा झाला, तरी हे तिथेच. परत येताना बोटीवर या माणसाने काय ठरवलं असेल? कायद्याने एवढी वर्षं भांडून पाहिलेल्यानेच १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव केली.

कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फासावर, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या घालून. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः निसटले ते निसटलेच. इंग्रजांना सापडले नाहीत आणि नंतर कोणालाच नाही.

उमाजी हाती लागले म्हणून कोणीतरी समोर बसून त्यांचं लिहून घेतलं. हे लागले नाहीत, म्हणून यांचा शेवटचा कागदच नाही. एवढं लिहिणाऱ्या माणसाचा! सतरा जणांची यादी मघाशी पुन्हा एकदा वाचली. मुलाचं नाव आहे, बापाचं नाही, आणि त्याचं मला जरा बरंच वाटलं.

पावणेबारा वाजले. रामोशासारखी जागतेय.