सरांचं पहिलं विमान आणि माझंही

मी बेळगावात टिळकवाडीतल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात बारा वर्षं काम करतेय. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काहीही न करता पडून राहायचं, काशीत पहाटेच्या नावेसाठी अस्सी घाटावर किती वाजता पोचायचं, माजुली बेटावर जायची फेरी जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून सुटते, हे सगळं मला तोंडपाठ आहे, पण मी स्वतः पणजी आणि पुणे याच्या पलीकडं कधी गेलेच नव्हते. पैशाचा प्रश्न नव्हता, ऑफिसातून सवलत मिळते, मालक दरवर्षी म्हणतात एकदा तरी जाऊन ये. मला प्रवासाची भीती वाटते. जागेची नाही हं, जागा तर मला इतक्या आवडतात की रात्री जेवण झाल्यावर मी मोबाईलवर नकाशा उघडून बसते आणि कुठल्यातरी नदीच्या कडेनं बोट फिरवत राहते. भीती वाटते ती मधल्या भागाची, म्हणजे घर सोडल्यापासून तिथं पोचेपर्यंतची.

ज्यांना हे होत नाही त्यांना सांगून कळत नाही. निघायच्या दोन दिवस आधीपासून जेवण जात नाही, रात्री तीनला जाग येते, बस सुरू झाली की हाताला मुंग्या येतात आणि वाटतं आत्ताच्या आत्ता उतरावं. माझं सुरू झालं चोर्ला घाटात. दहा वर्षांची असेन, गोव्याला मावशीकडं चाललो होतो. जांबोटी गेल्यावर वळणं लागली, कणकुंबीपर्यंत दोनदा उलटी झाली, आईनं सीटवर पेपर अंथरून त्यावर बसवलेलं, हातात लिंबू दिलेलं, पण घाट उतरताना माझा श्वासच अडकला. उलटीचं कारण मला नंतर कळलं, कानाच्या आतल्या नळ्यांतलं पाणी सांगतं आपण हलतोय, डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, मेंदूला दोन्हीचा मेळ लागत नाही. त्याला गोळी आहे. पण त्या दिवशी श्वास अडकला ना, त्याची आठवण अंगात राहिली, तिला गोळी नाही.

आता मूळ गोष्ट. गेल्या जानेवारीत आमच्या शाळेच्या जुन्या मुलांनी मिळून सरांना ब्रह्मपुत्रा दाखवायचं ठरवलं. खानापूर तालुक्यातली आमची मराठी शाळा, तिथं सर तीस वर्षं भूगोल शिकवत होते. फळ्यावर निळ्या खडूनं ब्रह्मपुत्रा काढायचे ती एका रेघेत, हात न उचलता, मानसरोवराजवळून सुरू करून तिबेटातून पूर्वेला सरळ न्यायची आणि नामचा बरवा पर्वताला वळसा घालताना खडू असा काही मनगटातून फिरवायचे की पूर्ण वर्ग बघत राहायचा. मग म्हणायचे, ही नदी नाही रे, हा नद आहे, पुल्लिंगी. तिबेटात सांगपो, अरुणाचलात सियांग, आसामात ब्रह्मपुत्र. आणि लगेच आपल्याकडं यायचे, आपली मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि म्हादई ह्याच तालुक्यात उगम पावून पश्चिमेला समुद्राकडं, म्हणजे पाऊस कुठल्या उतारावर पडला त्यावर त्याचं गाव ठरतं. असे हे सर कोल्हापूरच्या पलीकडं गेले नव्हते. शाळेत सायकलनं यायचे, सहलीला कधीच यायचे नाहीत, आम्हाला वाटायचं शिस्त म्हणून येत नाहीत.

तिकीट मीच काढलं, सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळुरू आणि तिथून गुवाहाटी. सरांचा नातू बरोबर जाणार होता. बेंगळुरूला आमचाच एक वर्गमित्र भेटून पुढं सगळा आसाम त्यांच्यासोबत राहणार होता. निघायच्या आदल्या दुपारी नातवाला ताप भरला. मालक म्हणाले नाव बदलून चालत नाही, नवीन तिकीट काढू, पण त्यांना बेंगळुरूपर्यंत पोचवायला कोणीतरी पाहिजे की, तूच जा, त्यांची विद्यार्थिनी आहेस. मी हो म्हणाले, सरांसाठी नाही म्हणणं मला शक्यच नव्हतं, आणि मग ऑफिसच्या मागच्या खोलीत जाऊन दहा मिनिटं नुसती बसले.

त्या रात्री मी एक कागद लिहिला. आमच्याकडं एअर फोर्समधून रिटायर झालेले एक काका दिल्लीच्या तिकिटांसाठी येतात, त्यांना फोन करून विचारलं, काका, विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत काय काय होतं ते क्रमानं सांगा, कुठला आवाज कधी येतो, पोटात कधी कसं होतं, सगळं. त्यांनी अर्धा तास सांगितलं, एकदाही हसले नाहीत. सीट कुठली घेऊ विचारलं तर म्हणाले, पंखांजवळ गचके कमी लागतात पण एटीआरमध्ये, म्हणजे ह्या पंख्याच्या छोट्या विमानात, तिथंच पंख्याचा आवाज जास्त, तू मागं बस, दार मागं असतं, चालायला कमी आणि विमानाचे पंख वर असल्यामुळं खालचं स्वच्छ दिसतं. मी सरांना मागची डाव्या बाजूची खिडकी दिली.

सकाळी सांबऱ्याला पोचलो तर कळलं बेंगळुरूला धुकं आहे, विमान लेट. थंडीत हे नेहमीचं, मी रोज लोकांना फोनवर सांगते, मॅडम तासभर लेट आहे, चहा घ्या. पण तो तास काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. चालू लागलं की निदान काहीतरी घडत असतं, थांबलेल्या तासात भीतीला दुसरं कामच नसतं. सर सुरुवातीला खूप बोलत होते. ही धावपट्टी १९४२ सालची, इंग्रजांच्या हवाई दलानं बांधलेली, तेव्हा ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई चालू होती, असं सगळं. शेजारच्या बाईंनाही सांगितलं. मग हळूहळू बोलणं कमी झालं आणि शेवटी बंद. मी बघितलं तर ते धोतराचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. मी तेच माझ्या ओढणीचं करत होते.

बोर्डिंग झालं, बाहेर विमानापाशी गेलो. पाच-सहा पायऱ्या असतील नसतील. सर पहिल्या पायरीपाशी थांबले. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पाय उचलेना. मागं रांग. स्टाफचा मुलगा आला, चांगला मुलगा होता, कानडीत म्हणाला, "बन्नी सर, एनू आगल्ला," या सर, काही होत नाही. मागचा कोणीतरी म्हणाला, "काका चला की, काय होत नाही." सरांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा पांढरा पडलेला, वरच्या ओठावर घाम. हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मला घरला सोड. मी सहलीला कधी आलो नाही तुमच्याबरोबर, ते ह्यामुळंच. कुणाला बोललो नाही."

माझ्याही तोंडात तेच आलं होतं, काही होत नाही सर. बारा वर्षं मी हे वाक्य फोनवर लोकांना सांगत आलेय. माझ्या आईनं मला घाटात सांगितलं होतं आणि ते ऐकून मला अजून एकटं वाटलं होतं, कारण मला तर होत होतं ना. होत असतं म्हणूनच माणूस थांबतो. मी काही बोलले नाही. पर्समधून कागद काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणलं, सर, मी पण पहिल्यांदाच बसतेय. रात्री हे लिहिलंय, तपासून द्या.

सरांनी पिशवी माझ्याकडं दिली, खिशातून चष्मा काढला. तिथंच पायरीपाशी उभं राहून वाचायला लागले. स्टाफच्या मुलाला मी हातानं म्हणलं थांब जरा, आणि तो थांबला, मागच्या लोकांना बाजूनं चढवलं, त्याचे मी आजही आभार मानते. सर बोट ठेवून वाचत होते. दार बंद झाल्यावर पंखे फिरतील, सीटला कंप जाणवेल. धावपट्टीच्या टोकाला जाऊन थोडं थांबेल. मग मोठा आवाज आणि पाठ सीटला चिकटेल, अर्ध्या मिनिटाच्या आत जमीन सुटेल. मग पायाखाली धप्प आवाज, ती चाकं आत गेली. आणि त्याच्यानंतर थोड्या वेळानं आवाज एकदम कमी होईल, पोटात हललं असं वाटेल, ते इंजिन बंद पडलेलं नाही, चढायला लागणारी जादा ताकद पायलटनं कमी केली. हे मी दोनदा अधोरेखित केलं होतं, काका म्हणाले होते की सगळे जण इथंच घाबरतात.

सर म्हणाले, "कंप असं लिहिलंयस, किती वेळ ते लिहिलं नाहीस." मी म्हणलं पूर्ण वेळ सर. खिशाचं पेन काढून त्यांनी कठड्यावर कागद टेकवून लिहिलं, पूर्ण वेळ. आणि चढले.

पुढचा सव्वा तास सोपा गेला असं मी सांगणार नाही. दार लागलं तेव्हा माझा श्वास घशात अडकला आणि मला कणकुंबीची बस आठवली, अगदी तो डिझेलचा वास आला. सरांनी माझा हात धरला की मी त्यांचा धरला ते आठवत नाही. त्यांच्या दुसऱ्या हातात कागद होता आणि ते एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते, वर्गात वाचायचे तसं, "आता टोकाला थांबलं. आता आवाज." जमीन सुटली, धप्प झालं, सर म्हणाले "चाकं". मग आवाज कमी झाला आणि माझ्या पोटात खड्डा पडला, लिहिलेलं मीच होतं तरी पडला, आणि सर म्हणाले, "जादा ताकद कमी केली. तू दोनदा रेघ मारलीयस." मी रडले थोडी. लाजायचं काही नव्हतं त्यात, मला बरं वाटलं.

पाचेक मिनिटांनी सरांनी खिडकीला कपाळ टेकलं. खाली उसाचे हिरवे तुकडे आणि मध्ये एक बारीक चमकणारी वाकडीतिकडी रेघ. "मलप्रभा गं," म्हणाले, "हुबळीच्या वाटेवरचा भाग असणार हा, आणि ते लांब पांढरं दिसतंय ते सौंदत्तीच्या धरणाचं पाणी." आवाज कापत होता. तीस वर्षं निळ्या खडूनं काढलेली गोष्ट पहिल्यांदा वरून बघत होते. पण मग एक गचका बसला आणि ते मागं सरले, डोळे मिटले, हाताची पकड इतकी घट्ट की माझी अंगठी बोटात रुतली. भीती गेली नव्हती. नदी दिसली म्हणून जात नाही ती. पुढं तुंगभद्रा आली तेव्हा त्यांनी एकच डोळा उघडून बघितली, म्हणाले, "हं," आणि परत मिटला. बेंगळुरूपर्यंत असंच, थोडं बघायचं, थोडं मिटायचं, मी मनात श्वास मोजत होते, चार आकडे होईपर्यंत घ्यायचा, सहा होईपर्यंत सोडायचा.

उतरताना कान दडपले, ते कागदावर होतं, गोळ्या चघळल्या. जमीन जवळ आली, चाकं टेकली, आणि त्याच क्षणाला प्रचंड घरघर सुरू झाली, विमान मागं कोणी ओढल्यासारखं. सर ओरडले. मी पण. हे कागदावर नव्हतं. काकांनी सांगायचं राहिलं की मी लिहायचं राहिलं, देव जाणे. दहा सेकंदात सगळं शांत झालं आणि विमान हळू चालायला लागलं.

वर्गमित्र बाहेर उभाच होता. सरांना बाकावर बसवून पाणी दिलं, गुवाहाटीच्या विमानाला अडीच तास होते. मी म्हणलं सर, नको वाटत असेल तर इथून माझ्याबरोबर परत चला, रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं सकाळी बेळगावात. मनापासून विचारलं मी, आग्रह करायचा नव्हता. सर बराच वेळ कागदाकडं बघत होते. मग म्हणाले, "पुढचं विमान मोठं आहे की. त्याला पंखे बाहेर नाहीत. त्याचं वेगळं लिहून दे." मी काकांना परत फोन लावला आणि विमानतळावरच, कॉफीच्या बिलाच्या मागं, दुसरा कागद लिहिला.

मी रात्रीच्या ट्रेननं परत आले. वरच्या बर्थवर झोप नाही लागली, पण हाताला मुंग्या आल्या नाहीत, हुबळी आली तेव्हा जागी होते. आता ऑफिसात ज्यांच्या आवाजात मला ते ओळखू येतं, म्हणजे जे उगाच तीन-तीनदा वेळ विचारतात, त्यांना मी तिकिटाबरोबर तो कागद देते आणि समोर बसून वाचून दाखवते. मालकांनी त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात.

चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. गुवाहाटीहून उमानंद बेटाकडं जाणाऱ्या बोटीत होते, मागं इंजिनाची फटफट. म्हणाले, "इथं हा अरुंद आहे म्हणे गं, तरी पलीकडचा काठ धुरकट दिसतोय. उद्या माजुलीकडं." मग थोडा वेळ काही बोललेच नाहीत, नुसतं पाणी ऐकू येत होतं. मला वाटलं फोन कट झाला.

"ऐकतेयस काय? परतीचा कागद करशील त्यात चाकं टेकल्यावरचा तो मोठा आवाज लिही," म्हणाले. "आणि किती सेकंद, ते पण."