तुम्ही विचारलंत म्हणून: तीन टक्क्यांचं शून्य कसं झालं?

फोंड्यात आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली की चंद्रावरची विवरं बघून झाल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "सर, तो 2032चा दगड पडणार होता ना? मग रद्द कसा झाला? आधी घाबरवायचं आणि मग हात झटकायचे!"

तो दगड म्हणजे 2024 वायआर4 नावाचा लघुग्रह. साधारण 60 मीटरचा. 27 डिसेंबर 2024 रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सापडला. 22 डिसेंबर 2032 रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नासाने 18 फेब्रुवारी 2025ला 3.1 टक्के सांगितली. धोक्याचा पट्टा पॅसिफिकपासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता, मग काय, आमच्याकडे फोनवर फोन. आठवड्याभरात आकडा शून्याच्या आसपास.

यात कुणी कुणाला फसवलं नाही. नव्या दगडाची कक्षा सुरुवातीला ढोबळच कळते. त्या दिवशी तो कुठे असेल याचा अंदाज अवकाशातल्या लाखो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरलेला असतो आणि आपली पृथ्वी त्या पट्ट्यात एवढीशी. आपल्याकडची रापण आठवा, किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं. घेर आवळत जातो, तसतसा आतल्या एखाद्या माशाने व्यापलेला हिस्सा वाढत जातो. मासा घेराबाहेर निसटला की हिस्सा शून्य. पृथ्वी तो मासा. निरीक्षणं वाढली, पट्टा आखडला, टक्केवारी चढली. मग पट्टा एवढा अरुंद झाला की पृथ्वी त्याच्या बाहेरच राहिली. म्हणजे आकडा आधी चढणं हेही गणित बरोबर चालल्याचंच लक्षण. बातमीत मात्र फक्त चढ दिसतो.

पुढचा प्रश्न ठरलेला: "खरंच येणार असता तर? अणुबॉम्ब?" सिनेमे फार बघता हो तुम्ही! 26 सप्टेंबर 2022ला नासाचं डार्ट यान सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने डायमॉर्फस या 160 मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी 11 तास 55 मिनिटांची होती, ती 32 मिनिटांनी कमी झाली. आदळताना उडालेल्या दगडधोंड्यांनी त्याला मागे रेटलं, म्हणून यानाच्या एकट्याच्या धक्क्यापेक्षा परिणाम मोठा. असा धक्का दहा वर्षं आधी द्यायचा. वेगात सेकंदाला एका सेंटिमीटरचा फरक पडला, तरी दहा वर्षांत तीन हजार किलोमीटरहून जास्त अंतर पडतं. दहा दिवस आधी तोच धक्का जेमतेम नऊ किलोमीटरचा.

म्हणून माझं मत विचाराल तर पैसा आधी दुर्बिणींवर घाला. 15 फेब्रुवारी 2013ला रशियात चेल्याबिन्स्कवर फुटलेला दगड जेमतेम 20 मीटरचा. दीडेक हजार माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. तो सूर्याच्या दिशेने आला, त्यामुळे कुणालाच आधी दिसला नाही. तिकडे जमिनीवरच्या दुर्बिणी रोखता येत नाहीत. नासाची अवरक्त म्हणजे उष्णतेच्या किरणांत बघणारी 'निओ सर्व्हेयर' दुर्बीण अवकाशात जाणार आहे ती सूर्याच्या बऱ्याच जवळचं आकाश धुंडाळायला.