बाबांनी डॉक्टरांना मारलेली थाप आणि आयपीआयचा एक मार्क

बाबांचं निदान झालं डीएलबीसीएल, म्हणजे झपाट्याने वाढणारा लिम्फोमा, लिम्फच्या गाठींचा कॅन्सर. त्या रात्री मी मोबाईलवर आयपीआय स्कोअर काढत बसलो, म्हणजे पेशंटचं पुढे कसं जाईल त्याचा अंदाज. 1993 सालचा साधा हिशोब आहे, पाच प्रश्न, प्रत्येकाला एक मार्क, आणि इथे मार्क जितके कमी तितकं बरं. वय साठच्या वर? बाबा 63, एक. रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम वाढलेलं? रिपोर्टात त्या आकड्यापुढे वर जाणारा बाण होता, दुसरा. स्टेज 3, तिसरा. गाठींच्या बाहेर एकाहून जास्त ठिकाणी पसरलाय का, तर नाही.

राहिला पाचवा, पेशंट कितपत हिंडता-फिरता आहे. हा कुठल्या मशीनवर मोजत नाहीत हो, विचारतात. डॉक्टरांनी विचारलं, दिवसा किती वेळ पडून असता, कामं जमतात का? बाबा ताठ बसून म्हणाले, छे, सगळं करतो मी. आई माझ्याकडे बघायला लागली. महिनाभर त्यांनी घरातलं एक काम केलं नव्हतं, आंघोळ-जेवण आपलं आपण, बाकी निम्मा दिवस कॉटवर.

म्हणजे स्कोअर तीन की चार ते बाबांच्या थापेवर! मूळ तक्त्यात तीनवाले 5 वर्षांनी 43 टक्के हयात, चारवाले 26. मी रात्रभर त्या 17 टक्क्यांत अडकलो होतो. सकाळी डॉक्टरांना फोन करून आधी खरं काय ते सांगून टाकलं, मग टक्क्यांचं विचारलं. ते म्हणाले अहो तो तक्ता रिटुक्सिमॅब हे औषध यायच्या आधीचा, 2007 ला आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमो एकत्र) घेतलेल्या पेशंटवर तो परत तपासला तेव्हा तीन ते पाच मार्कवाले सगळे एकाच गटात आले आणि त्यांच्यातले 55 टक्के 4 वर्षांनी हयात होते. रात्र फुकट गेली म्हणायची. (हे गुगलवर वर का येत नाही देव जाणे.)

पण ते 55 सुद्धा सगळ्या घोळक्याचे, त्यात बाबा कुठल्या बाजूला ते तक्ता सांगत नाही. आणि स्कोअर तर औषधाचा थेंब जायच्या आधीचा असतो, औषध लागू पडतंय का ते त्याला काय कळणार? ते पेट स्कॅनमध्ये दिसतं. शेवटच्या सायकलनंतरच्या स्कॅनला डोव्हिल 2 आलं (1 ते 5 मार्क, इथेही कमी तितकं बरं), म्हणजे उरलेली जागा छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांतल्या रक्तापेक्षा जास्त चमकत नाहीये. त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट झोपलो.

आता निदानाला 19 महिने झाले. 24 महिने आजार उलटला नाही तर पुढचं आयुष्य त्याच वयाच्या इतर माणसांच्या जवळपास जातं, असं मोठ्या अभ्यासात दिसलंय, म्हणून मी मनात महिने मोजतो. बाबांना बोललो नाहीये.

परवा फॉलोअपला परत तोच प्रश्न, दिवसा किती वेळ पडून असता? दुपारी तासभर, बाबा म्हणाले. मी आईकडे बघितलं. तिने दोन बोटं दाखवली.